माणसाच्या मापाची गवसणी

३ मार्च १९७४, रविवार
आजपासून रोजनिशी. मिलिटरीत जबलपूरला स्टोअरमध्ये होतो तेव्हा रजिस्टर माझ्याकडे असायचं. तीच डिसिप्लिन आता धंद्यात आणायची.
धंदा गवसण्यांचा. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारे पुष्कळ, पण त्या वाद्यांना अंगरखा चढवणारा जाणकार मी एकटा. शिवायचं काम ही करते. ही म्हणजे सुला, आमची मंडळी. पण शिवणं ही मजुरी झाली. डोकं माझं.
शेजारच्या लियाकत सतारवाल्यानं आज एक गोरा साहेब आणला. हॉलंडचा, सोबत मडम. सतारीला गवसणी हवी. हिच्या हातची टीप बघून साहेब ‘ब्यूटिफुल’ म्हणाला. मी थँक्यू म्हटलं.

५ मार्च
मोठी ऑर्डर! बाहेर सांगण्यासारखी नाही, म्हणून इथेच लिहितो.
साहेबाला माणसाच्या मापाची गवसणी हवी आहे. खांद्यापासून घोट्यापर्यंत. आत हात घालायला दोन बाह्या, पाठीला नाडी, बाहेरून सहा पट्टे. आतल्या माणसाला हलता येता कामा नये. मी लगेच ओळखलं, वेड्यांच्या इस्पितळासाठी असणार. लियाकत आपली नखं बघत म्हणाला, न्हाई क्रिष्णातभाऊ, ह्ये घरच्यासाठी हाय. नवराबायकोचं. दोघांच्या राजीखुशीनं एकानं बांधायचं, एकानं बांधून घ्यायचं. त्यात सुख लागतंय म्हणं त्यांना.
मी म्हटलं, मला काय सांगतोस, मी जबलपूर बघितलंय.
एक गोष्ट खटकली. बांधून घेणार साहेब आणि पट्टे आवळणार मडम! लियाकतला परत विचारायला लावलं. साहेबानं परत स्वतःच्याच छातीला बोट लावलं. लियाकतचं इंग्लिश कच्चं आहे.
मडमनं सूचना सांगितल्या, त्या संपेचनात. कातडं शेळीचं, मऊ. अस्तर सुती, घाम पिणारं. पट्टे रुंद, कडा घासलेल्या, नाहीतर अंगात रुततात. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मानेला काहीही नको. बक्कल पितळी, एका हिसक्यात सुटणारं. जवळ कात्री ठेवायची. बांधलेल्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. बोटं गार पडली किंवा निळी दिसली की काही न विचारता सोडायचं. आणि आधी दोघांनी मिळून एक शब्द ठरवायचा, रोजच्या बोलण्यात कधी न येणारा. तो उच्चारला की खेळ तिथेच बंद.
गिऱ्हाइकाला बोलायची हौस असते. मी मान हलवत राहिलो. दाराआड ही उभी होती. हिला म्हटलं, इस्पितळाची ऑर्डर आहे. ती बरं म्हणाली.

१० मार्च
मडम साहेबाची मापं द्यायला आली. ही आणि ती आतल्या खोलीत. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्लिश. तरी दोघी इतक्या हसत होत्या की बाहेर गिऱ्हाईक दचकलं. आमच्या घरात असं हसणं बरं नव्हे. नंतर विचारलं, काय चाललं होतं? ही म्हणाली, इस्पितळाचं बोलत हुतो.
साहेब-मडम आता गोव्याला. जूनमध्ये माल न्यायला येतील.

२४ मार्च, गुढीपाडवा
संकल्प:
तंबाखू बंद.
पहाटे जोर-बैठका.
हिच्याशी गोडीनं बोलणे.
हॉलंडला एक्स्पोर्ट. दोन वर्षांत दुकानावर इंग्लिश बोर्ड.
मशीनच्या बाबतीत काहीतरी करणे.
(मशीनबद्दल: हिच्या आईनं लग्नात दिलेलं शिलाई मशीन सध्या सांगलीला दुरुस्तीला आहे. बरेच दिवस झाले. तोवर ही आरी आणि सुईनं हातशिलाई करते. हातशिलाई मजबूत असते, गिऱ्हाइकं मुद्दाम मागतात.)
संध्याकाळी तंबाखू खाल्ली. सणाचा दिवस, चालतं.

३१ मार्च
मटेरियलचा निर्णय घेतला. शेळीचं कातडं कशाला? माळ्यावर रेक्झिनचे गठ्ठे पडून आहेत. गेल्या वर्षी मी रेक्झिनच्या गवसण्यांची स्कीम काढली होती. स्कीम उत्तम होती, पाऊस वाईट पडला. आतल्या आत दमट होऊन तंबोऱ्यांच्या भोपळ्यांना बुरशी आली आणि लोकांनी गवसण्या दारात आणून टाकल्या. लोकांना नवीन काही पचत नाही. पण माणूस म्हणजे भोपळा नव्हे. माणसाला बुरशी येत नाही.
ही म्हणाली, आवं, रेक्झिनला वारा लागत न्हाई. मानूस उकडंल की आत.
मी म्हटलं, हॉलंड थंड आहे.

७ एप्रिल
डिझाइनमध्ये मी केलेल्या सुधारणा: एक, पितळी बक्कलांऐवजी लोखंडी, माझ्याकडची, वरून सोनेरी रंग. दोन, पट्टे अरुंद. रुंद पट्टा बैलाला शोभतो. तीन, मानेला सातवा पट्टा. त्याशिवाय डिझाइन अपुरं वाटतं.
हिच्या बोटांना आरी लागून चिरा पडल्यात. रेक्झिन जाड आहे. हळद लाव म्हटलं.

९ एप्रिल
मानेचा पट्टा गायब! उसवलेला दिसतोय. विचारलं तर ही म्हणाली, उंदरानं नेला. उंदीर टाके मोजून उसवत नाहीत. पण वाद घातला नाही. संकल्प क्रमांक तीन.

१४ एप्रिल
हिचा भाऊ लोणंदहून आला. हंबीरराव. रेल्वेच्या गावात राहून माणसाला वाटतं आपणच इंजिन ओढतो. बहिणीची बोटं बघितली आणि मला म्हणाला, दाजी, दोघंबी चला लोणंदला. मशीन मी देतो. आमचा बाजार मोठा हाय, शिवणाऱ्या बाईला काम कमी पडायचं न्हाई.
मी शांतपणे म्हटलं, आमचं मशीन दुरुस्त होऊन येतंच आहे. हंबीरराव बहिणीकडे बघत राहिला. ही भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटली. तिची भाकरी कधी फाटत नाही.
मशीन सांगलीत आहे ही गोष्ट खरीच आहे. उगाच मनाला लावून घेऊ नये.

२१ एप्रिल
गवसणी तयार. लांबून बघितली तर इम्पोर्टेड वाटते. ट्रायल घ्यायला हवी. मिलिटरीत ट्रायलशिवाय माल बाहेर जात नसे. आत मीच जाणार. पट्टे ही आवळणार. नाइलाज आहे, दुसऱ्या कुणाला बोलवता येत नाही.
ही म्हणाली, मग शबुद ठरवा. मडम म्हणाल्या हुत्या.
म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं! इस्पितळाचं मी उगाच रंगवून सांगत बसलो.
मी म्हटलं, तूच ठरव. कधी न येणारा शब्द हवा एवढंच.
हिनं फार विचार केलाच नाही. म्हणाली, ‘चुकलं माझं’. लगीन झाल्यापासनं ह्या घरात तुमच्या तोंडनं कवा ऐकलं न्हाई.
मी हसलो. मला विनोद कळतो. ठीक आहे म्हटलं. शब्द वापरायची वेळ येणारच नाही.

२८ एप्रिल, रविवार
बोटांत अजून जोर नाही, अक्षर वाकडं येईल.
दुपारी दुकानाचं दार लावून ट्रायल घेतली. हिनं स्टुलावर कात्री ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, स्वतः पाट घेऊन शेजारी बसली. मी म्हटलं, एवढा थाट कशाला. ही म्हणाली, नियम हाय.
मी आत गेलो. हिनं पट्टे लावले. प्रत्येक पट्ट्याखाली बोटं घालून बघत होती. म्हणाली, दोन जाईनात, एकच जातंय, सैल करते. मी म्हटलं, आवळ, साहेबाला ढिला माल चालणार नाही. तिनं आवळलं.
पहिली काही मिनिटं उत्तम गेली. मग घाम. रेक्झिन आतून असं चिकटलं की कातडी कुठली आणि रेक्झिन कुठलं कळेना. मी म्हटलं, ट्रायल पास, सोड.
ही हलली नाही. म्हणाली, आवं, मशीन दुरुस्त झालं का?
मी म्हटलं, ही काय वेळ आहे? सांगलीला आहे. आधी सोड.
ही म्हणाली, कुणाकडं?
मी म्हटलं, दुरुस्तीवाल्याकडे.
मग ती बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, तुमच्या वळखीच्या सांगलीच्या धोंडुबाईला इकलंसा त्ये. गेल्या साली तिच्या लेकीच्या लग्नाला तुमचं डोकं दुखत हुतं, म्हणून मी एकटीच गेले. रुखवत मांडला हुता. चिवडा, लाडू, भांडी, आन मधी माझं मशीन. आईनं चाकाला लाल रंगाचं फूल काढलं हुतं, त्ये बी तसंच. बायका म्हणत हुत्या, काय झ्याक मशीन दिलंय लेकीला. मी पंगतीला बसले. जिलबी वाढली, ती खाल्ली. घरी आले तवा तुमी इचारलं, जेवन कसं हुतं? मी म्हटलं, चांगलं हुतं.
म्हणाली, इकलं त्याचं न्हाई वाटत मला. इकून त्याचं ह्ये रेक्झिन आणलं, त्याचं बी न्हाई. वरीसभर मला रोज सांगितलंसा, येतंय, दुरुस्त हुतंय. आन मी बी रोज व्हय म्हटलं. आज एकदा उठून भाईर जाता येत न्हाई तुमाला, म्हणून बोलते. मशीन नको मला. शबुद म्हणा, सोडते.
मी म्हटलं, ते ट्रायलसाठी धोंडुबाईकडे ठेवलंय. हे म्हणताना मलाही ते खरं वाटलं.
ती म्हणाली, शबुद.
मी दरडावलं. विनवलं. आई, अंबाबाई, पाणी, पोलीस, सगळे शब्द म्हटले. पाणी म्हटल्यावर तिनं तांब्या तोंडाला लावला. पण पट्टा सोडला नाही. शबुद आला न्हाई, म्हणाली. तेवढे दोन शब्द सोडून माझ्याकडचे सगळे संपले.
तरीही ती मधूनमधून बाहीच्या टोकाला उघड्या असलेल्या माझ्या बोटांना हात लावत होती. एकदा हात लावला आणि ताडकन उठली. म्हणाली, गार पडली. निळी झाल्यात. बक्कल ओढलं. लोखंडी, घामानं अडकलेलं, सुटेना. तिनं कात्री घेऊन छातीचे आणि हातांचे पट्टे सरळ कापले. महिनाभर बोटं फोडून शिवलेला माल. क्षणभरही विचार केला नाही.
नंतर खोबरेल तेल कोमट करून माझे हात चोळत बसली. बोटांत रंग येईपर्यंत. ती रडत होती, पण मला वाटतं तेलाच्या वाफेनं.

२९ एप्रिल
शांतपणे विचार केला. निष्कर्ष: मी जिंकलो. शब्द मी उच्चारला नाही. पट्टे तिनं आपण होऊन कापले.
उजव्या हाताला मुंग्या येतात. हवामान.

२ मे
ही लोणंदला गेली. आठ दिवस जाऊन येते, म्हणाली. ट्रंक नेली. आठ दिवसांना ट्रंक लागतेच, बायकांचे कपडे जास्त असतात. स्टेशनवर मी गेलो नाही. सोडायला गेलो तर मी नमलो असं वाटलं असतं. लियाकत गेला.

८ मे
रेल्वेचा संप सुरू. देशभर गाड्या बंद. आज मी लोणंदला निघणारच होतो. अगदी निघणार होतो. आता सरकारपुढे माझा काय इलाज?

१२ मे
लियाकत म्हणाला, एष्टी चालू हाय की.
एसटीनं मला मळमळतं. जबलपूरपासूनचा त्रास आहे.

१७ मे
स्वतः स्वयंपाक. पिठलं जमलं. म्हणजे खाली लागलं, पण वरचं चांगलं होतं. कापलेले पट्टे मी रिव्हेट मारून जोडले. पहिल्यापेक्षा भक्कम. हिच्या मदतीशिवाय झालं, हे नोंदवून ठेवतो.
घरात फार शांत वाटतं. कामाला बरं. आज काम झालं नाही.

२८ मे
संप मिटला. सर्दी झाली आहे.

४ जून
साहेब आणि मडम आले. मी गवसणी टेबलावर पसरून ठेवली होती. साहेबानं रेक्झिनचा वास घेतला. पट्टा लावून खाली दोन बोटं घालून बघितली. गेली नाहीत. बक्कल ओढलं, सुटलं नाही. त्यानं गवसणी घडी करून माझ्यासमोर ठेवली. अगदी सभ्यपणे, मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात सॉरी म्हणाला.
मडम एकच विचारत होती, सुला? सुला? लियाकतनं सांगितलं लोणंद. लगेच दोघं स्टेशनवर. लियाकतलाही दुभाषा म्हणून नेलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सर्दी होती.
परदेशी गिऱ्हाईक बेभरवशाचं. एक्स्पोर्टचा विचार तूर्त तहकूब.

७ जून
लियाकत परत आला. हिनं लोणंदला दुसरी गवसणी शिवून तयारच ठेवली होती म्हणे! शेळीचं कातडं, सुती अस्तर, रुंद पट्टे, पितळी बक्कलं. हंबीररावाच्या मशीनवर. मापं तिच्या डोक्यात होती. साहेबानं तिथेच चढवून बघितली. मडमनं हिला मिठी मारली आणि अशाच आणखी शिवायला सांगितल्या. हंबीरराव बाहेर ओसरीवर पाठ फिरवून बसला होता, लाजेनं कान लाल.
मी सहज विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का?
लियाकत म्हणाला, बोलल्या की. हाताला मुंग्या अजून येत्यात का म्हणून इचारलं.
एवढंच?
एवढंच. मग तो म्हणाला, जा की रं गड्या. दोन तर शबुद हायत.
बायका शेजाऱ्यांना काय काय सांगतात! मी विषय बदलला.

१४ जून, शुक्रवार
दोष मालात नव्हता, पट्टे आवळणारीत होता, हे एकदा सिद्ध करायचं ठरवलं. दुपारी दार लावून एकट्यानं ट्रायल घेतली. पायांचे पट्टे स्वतः आवळले. छातीचा पट्टा बक्कलातून ओढून टोक खिडकीच्या गजाला बांधलं, हात बाह्यांत घातले आणि मागे रेललो. पट्टा आवळला गेला, हात आत पक्के दाबले गेले. कल्पना नामी होती. मग गजाची गाठ सुटली आणि मी रेक्झिनच्या गठ्ठ्यांवर आडवा झालो.
बक्कल सुटेना. रिव्हेट तुटेनात. भक्कम काम. कात्री स्टुलावर होती. ती तिथे ठेवायची, एवढं मला आठवलं होतं. पण हात आत असले की कात्री काय कामाची?
लियाकतला हाका मारल्या. जुम्याची नमाज, गल्ली सामसूम. घाम सुटला. बोटं आधी मुंग्यांनी भरली, मग काहीच कळेना. बोटांना हात लावून बघायला कुणी नव्हतं. शेजारी पाट तसाच होता. ती गेल्यापासून मी तो उचललाच नाही. त्याच्याकडे बघत पडलो. मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, खूप भीती वाटली.
मग ते दोन शब्द म्हटले. एकदा हळू. नंतर मोठ्यानं. नंतर पुष्कळ वेळा, नावानिशी.
कुणी काही सोडलं नाही.
शेवटी लियाकत नमाजहून आला. दार खिळखिळं आहे, ढकलून आत शिरला. तारा कापायच्या पकडीनं आणि कात्रीनं मिळून त्यानं मला मोकळं केलं. हात चोळत बसला. त्याचे हात खरखरीत आहेत. म्हणाला, गल्लीच्या तोंडापातुर आवाज येत हुता. काय म्हणत हुतास रं?
मी म्हटलं, पाणी मागत होतो.
त्यानं तांब्या भरून आणला. तहान नव्हती. तरी सगळा प्यायलो.